दोन विषाणू, एक गोळी: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. बरेचसे रात्री उशिरा येतात. सोबत रिपोर्टचा फोटो असतो आणि कागदावर एका ओळीखाली अंगठा धरलेला असतो. ती ओळ बहुतेक वेळा एचआयव्हीची नसते, 'एचबीएसएजी'ची, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या तपासणीची असते. एचआयव्हीबद्दल माणसाला तोवर पुष्कळ माहिती झालेली असते, हिपॅटायटिस बीबद्दल मात्र कोणी समोर बसवून नीट सांगितलेले नसते.

प्रत्येक उत्तर आपापल्या जागी पुरे आहे. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आला तिथे क्रमांक दिला आहे. औषध बदलायचे किंवा थांबवायचे असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. हे पान त्या बोलण्याच्या तयारीसाठी आहे.

१. मला एचआयव्ही आहे, त्याचे उपचार चालू आहेत. मग हिपॅटायटिस बीची तपासणी वेगळी कशाला?

कारण दोन्ही विषाणू त्याच वाटांनी येतात: रक्त, लैंगिक संबंध आणि आईकडून बाळाला. शिवाय हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षे गप्प बसतो. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही, आणि आत यकृत मात्र हळूहळू निबर होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता आणि त्यांतल्या जेमतेम १३ टक्क्यांना आपल्याला तो असल्याचे माहीत होते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या दर शंभर जणांमागे साधारण सात जणांना हा दुसरा विषाणूही असतो. दोन्ही एकत्र असले की यकृताचे नुकसान लवकर होते आणि सिरॉसिस (यकृत पार निबर होणे) व यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून एचआयव्हीचे निदान झाले की त्याच वेळी ही तपासणी व्हायला हवी. झाली नसेल तर पुढच्या भेटीत स्वतःहून मागा.

२. रिपोर्टवर एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, अँटी-एचबीसी अशी तीन नावं आहेत. कुठलं चांगलं, कुठलं वाईट?

एचबीएसएजी हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन. ते रिअ‍ॅक्टिव्ह आले तर विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही तसेच राहिले तर आजार जुनाट झाला असे म्हणतात.

अँटी-एचबीएस हे संरक्षण. आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर ते पुरेसे मानतात.

अँटी-एचबीसी म्हणजे हा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेल्याची किंवा अजून असल्याची खूण. लसीमुळे ती कधीच उमटत नाही. त्यामुळे फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते लसीचे संरक्षण, आणि त्याच्या जोडीला अँटी-एचबीसीही पॉझिटिव्ह असेल तर आजार होऊन गेला आणि शरीराने तो आवरला. एकटे अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह येणे हे गोंधळात टाकणारे प्रकरण आहे. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर पुढे एचबीव्ही डीएनए (रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू किती आहे ते), एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन), प्लेटलेट आणि यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी करतात. हिपॅटायटिस डीची तपासणीही एकदा करून घ्या. तो विषाणू फक्त हिपॅटायटिस बीच्या आधारानेच जगतो आणि यकृताची हानी फार वेगाने करतो.

३. दोन्ही आजार आहेत. मग दोन वेगवेगळी औषधं घ्यावी लागतील का?

बहुतेकांना नाही. तुमची गोळ्यांची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. अनेकांच्या बाटलीवर हे लिहिलेले असते: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम. यातले तिसरे औषध फक्त एचआयव्हीवर चालते. पहिली दोन दोन्ही विषाणूंवर चालतात.

हे का जमते ते समजून घेण्यासारखे आहे. एचआयव्ही आरएनएपासून डीएनए तयार करतो, हे अनेकांना माहीत असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू मुळात डीएनएचा, पण नव्या प्रती काढताना तोही आरएनएपासून डीएनए बनवण्याच्या त्याच पायरीवरून जातो. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन नेमकी ती पायरी अडवतात. लॅमिव्हुडिनच्या जागी एम्ट्रिसिटाबिन असेल तरी काम तेच होते.

या दोघांत भार टेनोफोविर उचलते. पूर्वी केवळ लॅमिव्हुडिनवर ठेवलेल्या एचआयव्हीबाधित लोकांमध्ये चार वर्षांत दहापैकी सुमारे नऊ जणांचा हिपॅटायटिस बी त्या औषधाला जुमानेनासा झाला होता. म्हणून या पानावरचे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: एचआयव्हीची गोळी कोणी बदलत असेल, तर विचारा की माझ्या हिपॅटायटिस बीचे काय. पुढचे निम्मे प्रश्न याच वाक्याची वेगवेगळी रूपे आहेत.

४. टेनोफोविरचे टीडीएफ आणि टीएएफ असे दोन प्रकार आहेत. कुठला चांगला?

हिपॅटायटिस बीवर दोन्ही उत्तम चालतात. 'अलायन्स' नावाच्या चाचणीत दोन्ही विषाणू असलेल्या आणि पूर्वी उपचार न घेतलेल्या २४३ जणांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला बिक्टेग्रॅविर, एम्ट्रिसिटाबिन आणि टीएएफ, दुसऱ्याला डोल्युटेग्रॅविर, एम्ट्रिसिटाबिन आणि टीडीएफ. ४८ आठवड्यांनी हिपॅटायटिस बीचा विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेलेल्यांचे प्रमाण टीएएफच्या गटात ६३ टक्के आणि टीडीएफच्या गटात ४३ टक्के होते. ९६ आठवड्यांपर्यंत हा फरक बराचसा मिटला. एचआयव्ही दोन्ही गटांत ९० टक्क्यांहून अधिक जणांत दबलेला होता.

याचा अर्थ मी असा घेतो: मूत्रपिंड आणि हाडे ठणठणीत असतील तर टीडीएफवर असल्याची खंत करू नका. टीएएफ मूत्रपिंडाला आणि हाडांना कमी त्रास देते, पण वजन आणि कोलेस्टेरॉल थोडे वाढवू शकते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर टीएएफबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा, कारण रिफॅम्पिसिनमुळे रक्तातले त्याचे प्रमाण घटते.

५. व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलाय, लिव्हरही नॉर्मल आहे. थोडे दिवस गोळी थांबवली तर?

थांबवू नका. एचआयव्ही तर काही आठवड्यांत परत वाढतोच, पण इथे दुसरा धोका जास्त तातडीचा आहे. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन एकदम बंद झाले की दबून बसलेला हिपॅटायटिस बी उसळतो, आणि त्याच्यावर तुटून पडणारी आपलीच प्रतिकारशक्ती यकृताला दुखापत करते. काहींत हे सौम्य असते, काहींत यकृत निकामी होण्यापर्यंत जाते. सिरॉसिस असेल तर धोका फारच मोठा.

एखाद दुसरी गोळी चुकली म्हणून हे होत नाही. आठवण होताच घ्या आणि पुढे नेहमीप्रमाणे चालू ठेवा. मात्र प्रवास, गोळ्या संपणे किंवा मन उबगणे यांमुळे आठवडे गेले असतील तर लाज वाटून दूर राहू नका. परत जा, आणि एसजीपीटी तपासायला सांगा. मूत्रपिंडामुळे डॉक्टरांनीच औषध थांबवायला सांगितले असेल तर प्रश्न १३ पाहा.

६. उपचार सुरू करून दीड महिना झाला आणि एसजीपीटी आधीपेक्षा वाढलं. औषध सोसत नाही का?

तसेही असू शकते, पण या काळात आणखी एक कारण वारंवार दिसते. एचआयव्ही दबला की प्रतिकारशक्तीला पुन्हा जोर येतो आणि तिला यकृतातला हिपॅटायटिस बी दिसू लागतो. त्या झटापटीत एसजीपीटी चढते. हे साधारण पहिल्या तीन महिन्यांत होते आणि गोळी चालू ठेवूनही बहुधा निवळते. उपचारांमुळे एचबीएसएजी पुढे नाहीसे होणाऱ्यांपैकी काहींची सुरुवात अशा चढण्यानेच झालेली असते.

आकडा किती पट वाढला, बिलिरुबिन आणि आयएनआर या यकृताचे काम दाखवणाऱ्या तपासण्या काय म्हणतात, दुसरे कुठले औषध, काढा किंवा दारू चालू आहे का, हे पाहून डॉक्टर ठरवतील. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, गुंगी किंवा गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

७. माझा एचआयव्ही दबलेला आहे, म्हणजे जोडीदाराला लागणार नाही. हिपॅटायटिस बीचंही तसंच ना?

पहिला भाग पक्का आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर-२' अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेली आणि दुसऱ्याला नसलेली पुरुष जोडपी होती. कंडोमशिवाय ७६ हजारांहून अधिक वेळा संबंध आले आणि उपचारांनी एचआयव्ही दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. त्याआधीच्या 'पार्टनर' अभ्यासात स्त्री-पुरुष जोडप्यांतही हेच दिसले होते.

दुसरा भाग मात्र तसाच्या तसा लागू करू नका. हिपॅटायटिस बीचा डीएनए खाली गेला की संसर्गाचा धोका घटतो, पण त्या तोडीचा पुरावा त्याच्याकडे नाही. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक संसर्गजन्य आहे आणि वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. म्हणून रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा. एकत्र जेवणे, मिठी, एकच बाथरूम यांनी तो पसरत नाही.

खरा उपाय सोपा आहे. जोडीदाराची तपासणी करा आणि त्याला किंवा तिला संरक्षण नसेल तर लस द्या. तीन डोस पूर्ण होऊन अँटी-एचबीएस तयार झाले की ही काळजी मिटली. तोवर कंडोम.

८. हिपॅटायटिस बीची लस घेतली, तीन डोस पूर्ण झाले, तरी अँटी-एचबीएस शून्य. आता काय?

एचआयव्ही असलेल्यांना हा अनुभव फार येतो. इतर निरोगी प्रौढांत दहापैकी नऊहून अधिक जणांना लस लागू होते. एचआयव्ही असताना नेहमीच्या लसीने हे प्रमाण अनेक अभ्यासांत ३५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानच आले आहे, आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी असेल तर आणखी खाली. म्हणूनच शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासायचेच. बरेच जण इथेच चुकतात: तपासणी दोन वर्षांनी करतात, आणि मग लस लागूच झाली नव्हती की लागू होऊन ओसरली, हे सांगता येत नाही.

या बाबतीत अलीकडचे संशोधन खरोखर आशा देणारे आहे. 'बी-हाइव्ह' चाचणीत एचआयव्ही असलेल्या आणि आधीची लस लागू न झालेल्या ५६१ जणांना नव्याने लस दिली. प्रतिकारशक्तीला चेतवणारा सीपीजी घटक असलेल्या हेप्लिसॅव-बी या लसीच्या दोन डोसांनी ९३ टक्के आणि तीन डोसांनी ९९ टक्के जणांत संरक्षण आले. जुन्याच पद्धतीच्या लसीचे तीन डोस पुन्हा घेणाऱ्यांत ते ८१ टक्के होते. हे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी कधीच लस न घेतलेल्या ६८ जणांच्या वेगळ्या गटात नव्या लसीच्या तीन डोसांनंतर सगळ्यांनाच संरक्षण मिळाले होते.

ही लस मिळत नसेल तर नेहमीच्या लसीचे दुप्पट ताकदीचे डोस घेण्याची पद्धत रूढ आहे. ८१ टक्के हा आकडासुद्धा हेच सांगतो की पुन्हा प्रयत्न करणे वाया जात नाही.

९. रोजच्या गोळीऐवजी दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आलंय. मला चालेल का?

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर केवळ इंजेक्शनावर जाता येणार नाही. कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिव्हिरिन ही जोडी एचआयव्ही उत्तम दाबते, पण हिपॅटायटिस बीवर तिचा काहीही परिणाम होत नाही. गोळी बंद झाली की टेनोफोविरही जाते आणि प्रश्न ५ मधला धोका उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनांची शिफारस केली, ती एचआयव्ही पूर्ण दबलेला आहे आणि सक्रिय हिपॅटायटिस बी नाही अशांसाठीच.

ज्यांना रोज गोळी घेणे एखाद्या जखमेवरची खपली रोज काढल्यासारखे वाटते, त्यांना हे उत्तर ऐकताना किती वाईट वाटते ते मी पाहिले आहे. काही डॉक्टर इंजेक्शनाबरोबर हिपॅटायटिस बीसाठी वेगळी गोळी देतात. पण मग रोजची गोळी राहतेच, आणि ती चुकली तर आधीइतकाच धोका.

हिपॅटायटिस बी नसलेल्यांसाठीही एक गोष्ट. टेनोफोविर घेत असताना हिपॅटायटिस बीची नवी लागण कमी होते, असे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. इंजेक्शनावर जाताना हे नकळत मिळणारे कवच निघून जाते. म्हणून आधी लस आणि अँटी-एचबीएसची खात्री, मग बदल. डोल्युटेग्रॅविर आणि लॅमिव्हुडिन एवढ्या दोनच औषधांच्या गोळीवर जातानाही हेच तपासा.

१०. मला एचआयव्ही नाही. तो होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन खरंच इतकं चांगलं आहे का?

हो. 'पर्पज-१' चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या मुली व तरुण स्त्रिया होत्या. लेनाकापाविर मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. 'पर्पज-२' मध्ये पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती होत्या. तिथे २,१७९ पैकी दोघांना लागण झाली. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली.

इंजेक्शन त्वचेखाली देतात, तिथे छोटी गाठ काही काळ हाताला लागते. पहिल्या दोन दिवशी गोळ्याही घ्याव्या लागतात, त्या विसरू नका. हे औषध हिपॅटायटिस बी, सिफिलिस किंवा गर्भधारणा यांपासून वाचवत नाही.

११. मला हिपॅटायटिस बी आहे, एचआयव्ही नाही. मी प्रेपची गोळी घेतो. ती मनाला येईल तेव्हा बंद करू शकतो का?

प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीत टेनोफोविर असते, म्हणजे तुमच्याही बाबतीत एकच गोळी दोन कामे करत आहे. ती बंद करायची वेळ आली तर डॉक्टरांना सांगून करा आणि पुढचे काही महिने एसजीपीटी व डीएनए तपासत राहा. संबंधांच्या आधी दोन आणि नंतर एक-एक अशी प्रसंगापुरती घेण्याची पद्धत जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी योग्य नाही, कारण तीत औषध सारखे चालू-बंद होते.

लेनाकापाविर किंवा कॅबोटेग्रॅविरच्या इंजेक्शनावर जायचे असेल तर आधी तुमच्या हिपॅटायटिस बीला स्वतःचे उपचार लागतात का हे ठरवा. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचारांचे निकष बरेच सैल केले आहेत. पूर्वी 'नुसते लक्ष ठेवू' असे सांगितलेल्या अनेकांना आता उपचार लागू होतात.

१२. दोन्ही आजार आहेत आणि मी गरोदर आहे. बाळाचं काय?

टेनोफोविर असलेली गोळी चालू ठेवा. ती गरोदरपणात सुरक्षित मानली जाते आणि बाळाला दोन्ही विषाणूंपासून वाचवते. बाळाला हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत मिळालाच पाहिजे. शक्य असेल तिथे सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), पण दुसऱ्या मांडीत. हा डोस ठरवून ठेवा, प्रसूतीच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. रात्रीची प्रसूती, सुट्टीचा दिवस, आणि डोस 'उद्या देऊ' होतो. बाळपणी झालेली लागण दहापैकी नऊ बाळांत जुनाट होते, प्रौढपणी निरोगी माणसात ती शंभरात पाचांहूनही कमी जणांत तशी होते. एवढा फरक त्या पहिल्या दिवसाला आहे.

पुढचे डोस वेळेवर आणि साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयात बाळाची एचबीएसएजी व अँटी-एचबीएस तपासणी. बाळाची लस वेळेवर होत असेल तर हिपॅटायटिस बीमुळे स्तनपान थांबवायचे कारण नाही. एचआयव्हीच्या दृष्टीने दुधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी स्वतंत्रपणे ठरवा.

१३. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं म्हणून टेनोफोविर बंद करायला सांगितलंय. बंद करू?

आधी दोन गोष्टी विचारा. पहिली: ही वाढ खरी आहे का? डोल्युटेग्रॅविर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिन थोडे वाढवते, कारण ते बाहेर टाकण्याची एक वाट अडवते. लघवीतली प्रथिने आणि इतर तपासण्यांतून फरक कळतो. दुसरी: टेनोफोविर गेले तर हिपॅटायटिस बीला कोण धरणार?

पर्याय आहेत. टीडीएफच्या जागी टीएएफ, टीडीएफच्या दोन डोसांमधले अंतर वाढवणे, किंवा एन्टेकाविर. यातल्या शेवटच्याला एक कडक अट आहे. एन्टेकाविर एचआयव्हीवर अर्धवट चालते, आणि एचआयव्ही पूर्ण न दबलेल्या माणसाला ते एकटे दिले तर एचआयव्ही लॅमिव्हुडिन आणि एम्ट्रिसिटाबिन या दोन्हींना दाद देईनासा होतो. २००७ साली हे उघड झाले. त्याआधी ते निर्धोक समजले जात होते. म्हणून एचआयव्हीचे पूर्ण औषध चालू असतानाच एन्टेकाविर.

१४. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आहे, बाकी दोन्ही निगेटिव्ह. मला आजार आहे की नाही?

बहुतेक वेळा जुनी लागण होऊन गेलेली असते आणि संरक्षणाचा आकडा काळाच्या ओघात मोजता न येण्याइतका उतरलेला असतो. एचआयव्ही असलेल्यांत हे चित्र पुष्कळदा दिसते. क्वचित यकृतात विषाणू थोड्या प्रमाणात दडून असतो, म्हणून डीएनए एकदा तपासावा. तो नसेल तर लसीचा एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पाहतात. उसळले तर शरीराला जुनी ओळख आहे, नाही तर पूर्ण लसीकरण. टेनोफोविर नसलेल्या उपचारांवर जायचे असेल किंवा केमोथेरपी, रिटुक्सिमॅब यांसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे काही घ्यायचे असेल, तर हा रिपोर्ट सोबत ठेवा आणि न विचारता पुढे करा.

१५. विषाणू दबलेला असताना सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी कशाला?

कारण हिपॅटायटिस बी सिरॉसिस नसतानाही कर्करोग करू शकतो. उपचारांनी धोका घटतो, शून्य होत नाही. सिरॉसिस असेल, घरात कोणाला यकृताचा कर्करोग झालेला असेल किंवा वय वाढलेले असेल तर टाळू नका. लहान गाठ वेळेत सापडली तर काढता येते.

१६. हे दोन्ही कधी पूर्ण बरे होतील का?

दोघांच्या लपण्याच्या जागा वेगळ्या आहेत. एचआयव्ही आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःला शिवून टाकतो. हिपॅटायटिस बी यकृताच्या पेशीच्या केंद्रकात डीएनएचे एक मिटलेले वर्तुळ करून बसतो. रोजची औषधे या दोन्ही जागांपर्यंत पोचत नाहीत.

एचआयव्हीतून मुक्त झालेली पहिली व्यक्ती टिमोथी रे ब्राउन. ल्युकेमियासाठी बर्लिनमध्ये त्यांच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले होते आणि दात्याच्या पेशींत एचआयव्हीला आत शिरू न देणारा जनुकीय बदल होता. त्यानंतर मोजकीच माणसे अशी बरी झाली. कर्करोग नसलेल्यांसाठी हा मार्ग नाही, तो फारच धोक्याचा आहे.

हिपॅटायटिस बीमध्ये ध्येय थोडे जवळ आहे: मुदतीचे उपचार थांबवल्यावरही एचबीएसएजी आणि डीएनए सहा महिने दिसू नयेत. बेपिरोव्हिरसेन या इंजेक्शनाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत साधारण दहातल्या एकाच्या बाबतीत हे साधले. पण त्या चाचणीत एचआयव्ही असलेल्यांना घेतले नव्हते, आणि अशा बहुतेक चाचण्यांत हेच होते. मला हे पटत नाही. ज्यांचे यकृत सर्वांत लवकर बिघडते त्यांच्यावर नवे औषध कसे चालते, हे सर्वांत शेवटी कळावे हा अन्याय आहे.

१७. माझं एचबीएसएजी निगेटिव्ह झालं! आता टेनोफोविर सोडता येईल का?

आधी अभिनंदन, हे खरोखर घडते. प्रश्न ४ मधल्या चाचणीत वर्षभरातच टीएएफच्या गटात सुमारे १३ टक्के आणि टीडीएफच्या गटात ६ टक्के जणांचे एचबीएसएजी गेले. केवळ हिपॅटायटिस बी असलेल्यांत गोळ्यांनी इतक्या लवकर असे क्वचितच होते.

पण घाई नको. सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासून खात्री करा आणि अँटी-एचबीएस तयार झाले आहे का ते पाहा. यकृतातले ते मिटलेले वर्तुळ अजून तिथेच आहे, आणि प्रतिकारशक्ती ढासळली तर ते जागे होऊ शकते. टेनोफोविर सोसत असेल तर ते एचआयव्हीच्या औषधाचा भाग म्हणून तसेच चालू ठेवणे बहुतेकांना सोयीचे पडते. मूत्रपिंड किंवा हाडांमुळे सोडावेच लागले, तर सोडल्यानंतर पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी एसजीपीटी, एचबीएसएजी आणि डीएनए तपासायच्या तारखा औषध बंद करण्याच्या आधीच लिहून घ्या. सिरॉसिस असेल तर एचबीएसएजी गेल्यावरही सहामाही सोनोग्राफी चालू राहते.